कणसूर गिटार: दुरुस्तीची वही

८ जून, रविवार

गेल्या महिन्यात जे जे स्क्रू फिरवले ते लिहून ठेवले असते तर आज ही वही काढायची वेळ आली नसती. अंबडला कंपनीत पोरांना मी "लिहिलं नाही म्हणजे केलं नाही" असं दरडावतो, आणि घरी माझा स्वतःचा कारभार अंदाजपंचे दाहोदरसे.

गिटार इलेक्ट्रिक, स्ट्रॅट (फेंडर कंपनीचं स्ट्रॅटोकास्टर) ढंगाची, सेकंडहँड, कॉलेज रोडला राहणाऱ्या एका पोराकडून साडेसात हजारांना घेतलेली. तीन सिंगल कॉइल पिकअप (तारेची थरथर टिपणारे चुंबक), २२ फ्रेट (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), मेपलचा नेक, म्हणजे दांडी. नटपासून (वरच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंत (खालच्या टोकाचा तारेचा टेकू) ६४८ मिलिमीटर, म्हणजे साडेपंचवीस इंच.

दुखणं असं: मोकळी ई कॉर्ड जुळवली की डी कॉर्ड रडते. डी जुळवली की पाचव्या फ्रेटवरची बार कॉर्ड (एक बोट सगळ्या तारांवर आडवं टाकून धरलेली) रडते. काल गंगापूर रोडला प्रॅक्टिस होती. कीबोर्डवाला म्हणाला, "तू बेसूर नाहीयेस रे, कणसूर आहेस. बेसूर असतास तर निदान कुठे चुकतंय ते तरी कळलं असतं." ऐकून घेतलं. त्याचं बरोबर आहे.

पहिली तपासणी सगळे सांगतात तीच. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून हार्मोनिक वाजवायचा, मग तीच तार तिथेच दाबून वाजवायची. दोन्ही स्वर एकच यायला हवेत, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. दाबलेला स्वर चढा आला तर तार आखूड आहे, सॅडल मागे न्यायचं. उतरलेला आला तर सॅडल पुढे. सहा तारांची आजची मापं, दाबलेला स्वर हार्मोनिकपेक्षा किती चढा ते सेंटमध्ये (एका अर्ध्या सुराचे १०० सेंट): जाडी ई ११, ए ८, डी ५, जी १२, बी ६, बारीक ई २.

९ जून

कामावरून आल्यावर लगेच स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो. कागदावर हिशेब केला: ६४८ मिलिमीटरच्या तारेत सॅडल एक मिलिमीटर हललं की बाराव्या फ्रेटवर साधारण पावणेतीन सेंटचा फरक पडतो. म्हणजे जाड्या ईचं सॅडल चार मिलिमीटर मागे न्यायला हवं. तीन मिलिमीटरवर सॅडलमागची स्प्रिंग पूर्ण दबली, पुढे जागाच नाही. जी मात्र साडेचार मिलिमीटर गेली. प्रत्येक वेळी तार सैल करून, स्क्रू फिरवून, पुन्हा जुळवून. दोन तास गेले. झोपताना सगळ्या तारा तीन सेंटच्या आत होत्या.

१० जून

सकाळी चहा घेताना सहज मोजलं. जाडी ई ६ चढी. संध्याकाळी २ उतरलेली. कोणीही हात लावलेला नाही.

११ जून

कंपनीत एखादं माप असं नाचलं तर आम्ही जॉबला, म्हणजे घडवलेल्या भागाला, शिव्या देत नाही, आधी गेज, म्हणजे मोजायचं साधन, तपासतो. तेच केलं. जाड्या ईचा बारावा फ्रेट दहा वेळा मोजला, मध्ये काही न बदलता. उणे ३ पासून अधिक ९ पर्यंत आकडे. बारा सेंटच्या पसाऱ्यात मी तीन सेंट जुळवत बसलो होतो!

कारणं शोधली. पिक जोरात मारलं की स्वर सुरुवातीला चढा निघतो आणि मग उतरतो. मी कधी सुरुवातीचा आकडा वाचत होतो, कधी नंतरचा. बोटाचा दाब प्रत्येक वेळी वेगळा. गिटार टेबलावर आडवी ठेवली की नेकवर एक भार, मांडीवर घेतली की वेगळा. आता नियम ठरवला: गिटार मांडीवर, वाजवताना धरतो तशीच. पिक हलक्या हाताने. ट्यूनर क्लिपचा नाही, केबलने जोडलेला. टोनचं बटण खाली. आकडा वाजवल्यावर सेकंदभराने वाचायचा.

एवढं करून पसारा बारावरून आठवर आला. बाकी काहीतरी गिटारमध्येच आहे.

१५ जून, रविवार

तारा काढल्या. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. खालच्या बाजूने हात फिरवला तर प्रत्येक फ्रेटच्या जागी खाच लागते, बारीक तारांवर गंज. अशा तारेची जाडी आणि वजन सगळीकडे सारखं राहत नाही, मग तिचा मध्य तरी मध्यावर कसा राहील? जुन्या तारांवर इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर स्वर बरोबर येणं) जुळवणं म्हणजे वाळूवर शिडी लावणं.

मायक्रोमीटरने मोजलं तर जुनी बारीक ई ०.२३ मिलिमीटर, म्हणजे ९चा सेट (आकडा तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागात). पोरगा १०चा म्हणाला होता. मी १०-४६ आणला होता, तोच चढवला. चढवता चढवता ब्रिजची पाटी (जिच्यावर सॅडल बसतात ती) मागून उचलली गेली, जवळजवळ पाच मिलिमीटर. साहजिक आहे. जाड तारांचा ताण जास्त आणि मागच्या स्प्रिंगा तीनच. एक तार जुळवली की बाकी पाच उतरतात. ब्रिज हलवून स्वर थरथरवायचा दांडा मी कधी वापरतच नाही, त्यामुळे मागचं झाकण काढून पाच स्प्रिंगा लावल्या, ब्रिज बॉडीला टेकवला. प्रश्न मिटला.

नव्या तारा ओढून ओढून सैल केल्या. आज काहीही मोजायचं नाही. आई म्हणाली, "आज वाजवत नाहीयेस, बरं नाही का?"

१७ जून

नेकचा बाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटवर बोट, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) मोजायची. ०.२५ मिलिमीटरच्या आसपास हवी. ०.४५ निघाली. जाड तारांचा ताण, त्यात हा पाऊस. लाकूड ओल धरतं हे नाशकात जूनमध्ये सांगायला नको, बाथरूमचं दार आठवडाभर लागत नाहीये.

ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी सळई) हेडस्टॉककडून, म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडून, चारची एलन की. पाव फेरा घट्ट, रात्रभर थांबलो. सकाळी ०.३०. अजून थोडा. ०.२५. घाई केली नाही, याचं मला स्वतःलाच आश्चर्य.

२१ जून, शनिवार

ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारेची उंची. सतराव्या फ्रेटवर तार २.६ मिलिमीटर उंच होती. सॅडलचे छोटे ग्रब स्क्रू फिरवून १.७ वर आणली. तार जितकी उंच तितकी दाबताना जास्त ताणली जाते, आणि ताणली की चढते. म्हणजे ८ तारखेच्या अकरा-बारा सेंटमधले बरेचसे सॅडलच्या जागेचे नव्हतेच, उंचीचे होते.

पुन्हा मोजलं. सगळ्या तारा आता उतरलेल्या! जी तर ७ सेंट. ९ तारखेला घाम गाळून मागे नेलेली सॅडल आज पुढे आणली. दोन तास गेले होते, दोन तास परत गेले. इंटोनेशन सगळ्यात शेवटी करायचं असतं हे मला वाचून माहीत होतं. माहीत असणं आणि स्क्रूड्रायव्हर हातात असताना आठवणं, यात फरक असतो.

सॅडल आता जशी बसली आहेत ती रांग बघण्यासारखी आहे. बारीक ई सगळ्यात पुढे, बी थोडी मागे, जी आणखी मागे. मग डी एकदम पुढे उडी मारते आणि ए, जाडी ई पुन्हा मागे मागे. जीपर्यंत साध्या तारा, जाडी वाढेल तसा ताठपणा वाढतो. डीपासून वेटोळं घातलेल्या. ताठपणा आतल्या गाभ्याचा, आणि डीचा गाभा जीच्या तारेपेक्षा बारीक. सहा तारांना सहा वेगळी सॅडल देणारा हा ब्रिज फेंडरने स्ट्रॅटवर १९५४ साली आणला. त्याआधीच्या टेलिकास्टरवर दोन दोन तारांत एकच सॅडल होतं, तरी लोक वाजवत होतेच.

२४ जून

रात्रपाळी. काही नाही.

२८ जून

जाड्या ईचा आकडा अजून नाचतो. बाराव्याच्या वर वाजवली की स्वरात एक घोंघों ऐकू येते, दोन स्वर एकमेकांना घासल्यासारखी. ट्यूनरची सुई डुलते.

हे चुंबकाचं काम निघालं. नेककडच्या पिकअपचे खांब शेवटचा फ्रेट दाबल्यावर तारेपासून जेमतेम १.२ मिलिमीटरवर होते. आवाज मोठा यावा म्हणून आधीच्या मालकाने वर काढले असावेत. चुंबक तारेला खाली ओढतो. तार वर-खाली झुलते तेव्हा हा ओढा तिला थोडी संथ करतो, आडवी झुलते तेव्हा तेवढा लागू होत नाही. एकाच तारेचे दोन वेग, त्यांची ती घोंघों. सॅडल कितीही फिरवा, ती जायची नाही.

जाड्या बाजूला २.४, बारीक बाजूला २ मिलिमीटर ठेवलं. आवाज थोडा लहान झाला, तेवढा अॅम्पवर वाढवता येतो. पुन्हा दहा वेळा मोजलं: पसारा तीन सेंट. आता माझ्याकडे गेज आहे.

५ जुलै

बाराव्या फ्रेटवर सहाही तारा दोन सेंटच्या आत. खुशीत प्रॅक्टिसला गेलो. पाचव्या, सातव्या, नवव्या फ्रेटवर सगळं छान. मोकळी ई कॉर्ड वाजवली आणि कीबोर्डवाल्याने मान वर करून नुसतं बघितलं.

६ जुलै, आषाढी

साबुदाण्याची खिचडी खाऊन बसलो. आज बारावा फ्रेट सोडला आणि पहिल्यापासून वर एकेका फ्रेटवर मोजत गेलो. पहिल्या फ्रेटवर जाडी ई १६ चढी, ए १२, डी १०, जी १७, बी ८, बारीक ई ६. दुसऱ्यावर निम्म्याच्या आसपास. पाचव्यापर्यंत फक्त दोन-तीन.

एवढे दिवस ब्रिजकडच्या टोकाला रेंगाळलो, चूक दुसऱ्या टोकाला बसली होती. नटच्या खाचा उंच. पहिला फ्रेट नटपासून ३६ मिलिमीटरवर. एवढ्याशा अंतरात तारेला खाली वाकावं लागतं, म्हणून ती ताणली जाते. बाराव्या फ्रेटपर्यंत हे वाकणं लांबवर पसरतं, त्यामुळे तिथल्या तपासणीत नटची चूक जवळपास दिसतच नाही. महिनाभर एक कॉर्ड जुळवून दुसरी रडवत होतो त्याचं कारण हेच. मोकळ्या तारा बरोबर, पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवरच्या चढ्या, आणि ई कॉर्डमध्ये दोन्ही एकत्र.

वहीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं: चूक पहिल्या तीन फ्रेटवर जास्त आणि वर कमी होत गेली तर नट. वर वर वाढत गेली तर सॅडल. एकाच फ्रेटवर असेल तर तो फ्रेट. सुई डुलत असेल तर पिकअप. सगळंच नाचत असेल तर तारा, नाहीतर मी.

तिसऱ्या फ्रेटच्या अलीकडे तार दाबून पहिल्या फ्रेटवरची फट मोजली. जाड्या ईला ०.५५ मिलिमीटर. कागदाएवढी, म्हणजे ०.१, पुरते.

८ जुलै

नटच्या खास कानशी मिळतात, पण सेटची किंमत गिटारच्या निम्मी. सातपूरला वेल्डिंगचं सामान मिळतं तिथून टिप क्लीनरचा सेट आणला. गॅस वेल्डिंगच्या नोझलमधली काजळी काढायच्या त्या खरखरीत तारा, ०.४ मिलिमीटरपासून वर. जाड्या तारांच्या खाचांना झकास. बारीक तीन तारांसाठी स्टोअरमधून कॅलिब्रेशन संपून रिजेक्ट झालेली फिलर गेज मागून घेतली आणि तिच्या पातळ पात्यांच्या कडेला सुरीच्या कानशीने दाते पाडले. स्टोअरवाल्याने विचारलं कशाला पाहिजे. "गिटारला," म्हटल्यावर त्याने रजिस्टरवर काय लिहावं या विचारात पेन खाली ठेवलं.

१२ आणि १३ जुलै

दोन दिवस धो धो. गोदेला पाणी चढलंय. बेस वाजवणारा भांडी बाजारात राहतो, त्याचा फोन: "दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत आलंय, प्रॅक्टिस विसर." घरीच बसून खाचा घासल्या.

पद्धत: तार सैल करून बाजूला, चार-पाच घासे, तार परत, जुळव, मोज. कंटाळवाणं, पण इथे एक घासा जास्त झाला की परतीचा रस्ता नाही. खाच हेडस्टॉककडे उतरती हवी, म्हणजे तार फ्रेटबोर्डच्या बाजूच्या कडेवरूनच सुटते. डीच्या खाचेत मी नेमकं उलटं केलं. उंच जागा मागे राहिली, तार पुढच्या कडेवर नुसती घासू लागली, आणि मोकळी डी वाजवली की सतारीसारखी झणझण. बाबा आतल्या खोलीतून म्हणाले, "वा, जवारी लागली!" तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून जी झणझण ते तासभर शोधतात, ती मला फुकटात मिळाली होती आणि मला नको होती.

बी जास्त घासली गेली. मोकळी वाजवली की पहिल्या फ्रेटला लागते. खाचेत चिमूटभर खायचा सोडा दाबून त्यावर फेव्हिक्विकचा एक थेंब. क्षणात दगड होतो. पुन्हा घासली, या वेळी डोळ्यांत तेल घालून.

रविवारी रात्री पहिल्या फ्रेटवर: ३, २, २, ४, २, १. शेवटी खाचांत पेन्सिलचं शिसं फिरवलं, तार अडकून टक्क करून उडायची ती थांबली. मग सगळी सॅडल शेवटची एकदा.

२० जुलै, रविवार

बाबा. वर्षानुवर्षं तंबोरा घेऊन रियाज करणारा माणूस. त्यांना बोलावून ई कॉर्ड ऐकवली. त्यांनी डोळे मिटले.

"गंधार चढलाय."

"बाबा, ट्यूनरवर शून्य आहे बघा."

"मग ट्यूनर चढलाय."

२३ जुलै

तीन दिवस जीच्या पहिल्या फ्रेटमागे लागलो, कारण ई कॉर्डमधला गंधार म्हणजे तोच स्वर, जी शार्प. खाच पुन्हा घासायचाही विचार झाला. नशीब, पाऊस होता आणि लाईट गेली होती.

अंधारात जाड्या ईवर चौथ्या फ्रेटपाशी, फ्रेटच्या किंचित अलीकडे, हार्मोनिक वाजवत बसलो. तारेचे पाच समान भाग होतात तिथे. तंबोऱ्याच्या खर्जात जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो हाच पाचवा. मग त्याच्या जोडीला बारीक ई चौथ्या फ्रेटवर दाबून वाजवली. नावाला एकच स्वर, पण दोन्ही मिळून सेकंदाला तीनदा थरथरतात. लाईट आल्यावर ट्यूनर लावला: दाबलेला स्वर शून्य, हार्मोनिक उणे १४.

गिटार निर्दोष आहे. फ्रेट ज्या गणिताने मारलेत त्यात सप्तकाचे बारा सारखे तुकडे आहेत, आणि त्यात गंधार ४०० सेंटवर पडतो. तारेतून आपोआप येणारा गंधार ३८६वर. पंचम मात्र ७०० आणि ७०२, फरक दोनच सेंटचा, म्हणून डिस्टॉर्शन लावून नुसतं सा-प वाजवलं की भिंत उभी राहते आणि त्यात गंधार घातला की चिखल होतो. कीबोर्डचा गंधारही तेवढाच चढा आहे, पण कीबोर्डवाला माझ्याकडे बघतो.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "हे मला पेटीबद्दल माहीत आहे. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटी बंद ठेवली होती, ती काय उगीच?" मग थोडं थांबून, "सतारीचे पडदे सरकवता येतात. तुझे ठोकलेले आहेत."

३ ऑगस्ट

केसच्या झाकणाला आतून मास्किंग टेप लावून लिहिलं: तारा १०-४६, बाक ०.२५, ॲक्शन १.७, पिकअप २.४ आणि २. सहा सॅडलची जागा ब्रिजच्या मागच्या कडेपासून व्हर्नियरने. दिवाळीनंतर नाशकात थंडी पडली आणि लाकूड सुकलं की बाक पुन्हा बघायचा, तेव्हा उपयोग होईल. एलन की केसमध्येच ठेवली आहे. घरातल्या कुणी ती सायकलसाठी नेऊ नये.

१० ऑगस्ट, रविवार

कॉलनीच्या गणपतीतल्या कार्यक्रमाची प्रॅक्टिस आमच्या गच्चीवर. पत्रे आहेत, पावसाची चिंता नाही. कीबोर्डवाल्याने ई कॉर्डला मान वर केली नाही. बार कॉर्डलाही नाही.

चहाच्या वेळी बाबा वर आले. गिटार माझ्या मांडीवरच होती. मी ई कॉर्ड धरली, त्यांनी न विचारता जीची खुंटी किंचित सैल केली, ऐकलं, अजून जरा. "आता वाजव." वाजवली. खरोखर कॉर्ड निवली, जणू कुणी पंखा बंद केला. ट्यूनरवर जी उणे ६.

ई मेजर आता घरातली सगळ्यात सुंदर कॉर्ड आहे. जी मेजर वाजवली की कीबोर्डवाला पुन्हा मान वर करतो. कार्यक्रमातली चार गाणी जीमध्ये आहेत.